प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत. माझा विश्वास संपला का?

एका भगिनीचं पत्र

"माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. वय 46. दीड वर्षापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस चालू आहे. पहाटे निघतो, घरी यायला दुपारचे तीन वाजतात. सुरुवातीला मंडळीतली माणसं यायची, आता कोणी फिरकत नाही. जावेच्या ओळखीतून एक प्रार्थना घेणारे भाऊ आले. ते म्हणाले, घरात कबूल न केलेलं पाप आहे, म्हणून बरेपण अडलंय. दोघांनी 21 दिवस उपास धरा, विश्वासाचं पाऊल म्हणून डायलिसिस थांबवा आणि 11 हजारांचं अर्पण 'बी' म्हणून पेरा. मिस्टरांचं मन डळमळलंय. माझं तर चार महिन्यांपासून सगळंच थांबलंय. शास्त्र उघडलं की अक्षरं दिसतात, डोक्यात काही शिरत नाही. प्रार्थनेला बसले की रडू येतं, नाहीतर राग येतो. देवाचाच राग येतो. सासूबाई म्हणतात, देवावर रागावणं पाप आहे. रविवारी गाणी सुरू झाली की उठून जावंसं वाटतं. मागच्या प्रभुभोजनाला मी पुढे गेलेच नाही, ढोंग वाटलं. मुलगी दहावीला आहे. ती विचारते, बाबा बरे होणार का? मी काय सांगू? माझा विश्वास संपला का?"
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

ख्रिस्तात प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊच, पण त्याआधी तातडीचं. डायलिसिस एकदाही चुकवू नका. किडन्या काम करत नसताना रक्तातलं पोटॅशियम शरीराबाहेर जायला डायलिसिसशिवाय पुरेशी दुसरी वाट नसते. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधीकधी काही पूर्वसूचना न देता हृदय थांबतं. पाणी फुफ्फुसात साठून दम लागतो, तो वेगळाच. 'विश्वासाचं पाऊल' म्हणून डायलिसिस थांबवणं म्हणजे मिस्टरांचा जीव पणाला लावणं आहे. देवाने तसं कुठेही मागितलेलं नाही.

शास्त्रात प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाहीच. हिज्किया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, 15 वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं. आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. वचन मिळालं होतं, तरी पोटीस टळलं नाही. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्याच्या विश्वासाची चौकशी केली नाही. पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. आणि ज्या पौलाच्या हातून माणसं बरी झाली, तोच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सहज लिहून जातो की सोबती त्रफिमाला मिलेत गावी आजारी अवस्थेत ठेवून आलो. पौलाचा विश्वास कमी पडला की त्रफिमाचं पाप आड आलं, असा एक शब्दही तिथे नाही.

उपासाचंही तेच. डायलिसिसवरच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी पोटी साखर एकदम उतरते. त्याहून मोठा धोका उपास सोडताना असतो. आपल्याकडे उपास सुटतो तो केळी, खजूर, शहाळं, फळांचा रस यांवर, आणि या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी दोन तांबे पाणी प्यायलं की पाण्याचं ठरलेलं मापही मोडतं. प्रार्थना करून दिलेलं पाणी असेल तर तेही त्याच मापात मोजायचं. तेल लावून प्रार्थना करायची असेल तर जरूर करा, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तशी शिकवण आहे. मंडळीच्या वडिलांना बोलवा, कपाळाला तेल लावू द्या. फक्त फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला तेल चोळू देऊ नका आणि प्रार्थनेच्या आवेशात तो हात कोणी दाबून धरणार नाही, हे पाहा. मानेत किंवा छातीवर कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर त्याच्या पट्टीजवळ तेल-पाणी मुळीच नको. तिथे जंतू शिरले तर थेट रक्तात जातात. हे आलेल्यांना आधीच सांगा. यात देवाचा अवमान नाही.

तुम्हालाही 21 दिवस उपास नको. पहाटे उठून रोग्याला घेऊन जाणाऱ्या बाईने उपाशी राहून चक्कर येऊन पडण्यात कोणाचंच भलं नाही. काही सोडायचंच असेल तर रात्री फोनवरचे व्हिडिओ सोडा आणि तेवढा वेळ झोपा.

आता ते 11 हजार. अलीशा संदेष्ट्याच्या शब्दावरून नामान सेनापतीचं कोड गेलं, तेव्हा नामानाने भेट पुढे केली आणि अलीशाने ती घ्यायला साफ नकार दिला. मागून धावत जाऊन ती मागून आणणाऱ्या अलीशाच्या चाकराला, गेहजीला, तेच कोड लागलं. बरेपणाचा दर ठरवणाऱ्याला शास्त्राने दिलेलं उत्तर ते आहे. पौलही करिंथकरांना लिहितो की देणं भाग पडतं म्हणून कोणी देऊ नये. ते पैसे औषधांसाठी ठेवा. या भाऊंना पुन्हा घरी प्रार्थनेला बोलावू नका, असं स्पष्टच सांगतो. ते मनाने चांगले असतीलही. पण डायलिसिस सोडायला सांगणाऱ्याला मिस्टरांच्या खाटेजवळ बसू देण्यात धोका आहे, विशेषतः त्यांचं मन डळमळलेलं असताना.

मिस्टरांशी बोलताना वाद घालू नका. त्यांना डायलिसिसचा कंटाळा आला आहे, सुया टोचून घ्यायचा वीट आला आहे आणि 'सोडून द्या' म्हणणारा माणूस त्यांना सुटका देतो आहे. म्हणून आधी कंटाळ्याबद्दल विचारा. पायात गोळे येतात का, मशीनवर असताना बीपी पडतं का, नंतर किती तास अंग गळून जातं, हे ऐकून घ्या आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. यातल्या बऱ्याच तक्रारींवर पाणी काढण्याचा वेग बदलून, औषधाची वेळ बदलून उपाय होतो. कंटाळा हलका झाला की उपदेशाचं वजनही कमी होतं.

'लपलेलं पाप' हा मुद्दा जुनाच आहे. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी उत्तम केलं. मग तोंड उघडलं आणि अध्यायांमागून अध्याय एकच सांगितलं : तुझं काहीतरी चुकलं असणार. 42व्या अध्यायात देव निकाल देतो तो त्यांच्या विरुद्ध. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो अलीफजाला म्हणतो. आणि ईयोब काय बोलला होता? आपल्या जन्मदिवसाला त्याने शाप दिला होता, देवाला कोर्टात उभं करण्याची भाषा केली होती. तरी देवाला त्याचं बोलणं पटलं आणि देवाची बाजू घेणाऱ्या पंडितांचं पटलं नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून विचारलं, कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? प्रभूने दोन्ही नाकारलं. हे दोन उतारे मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. दुसरं काही समजवायला जाऊ नका.

आपल्या मराठी मातीत पंडिता रमाबाईंचं आयुष्य समोर आहे. दुष्काळात आईबाप गेले, 1880मध्ये भाऊ गेला, 1882मध्ये पती. पुढे ख्रिस्तावर विश्वास ठेवला, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो बायका-मुलींना छप्पर दिलं. आणि 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांतही मूळ भाषांवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. मनोरमेच्या मरणाला कुठलं लपलेलं पाप कारण होतं, असं म्हणायला त्या भाऊंची जीभ रेटेल का?

आता तुमच्या रागाकडे येऊ, कारण पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे.

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती देवाला आवडली नाही. पण शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पाहा, ते कुठे कुरकुरले : आपापल्या तंबूत. देव आपला द्वेष करतो, असं ते एकमेकांशी बोलत राहिले, देवाशी बोलले नाहीत. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी त्याहून कडक शब्द वापरले आहेत, पण ते देवाच्या तोंडावर. 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं अशा विलापाची आहेत. देवाच्या लोकांच्या गायनपुस्तकातच इतका तक्रारीचा सूर आहे, मग त्याला विश्वासघात कसं म्हणायचं? तुम्ही प्रार्थनेला बसता आणि राग येतो, म्हणजे राग घेऊन अजून त्याच दारात उभ्या आहात. तो राग जावेपाशी, फोनवर, मनातल्या मनात जिरत राहिला आणि देवापाशी एक शब्दही गेला नाही, तर मात्र काळजी करायची.

विलाप कसा करायचा, याची पद्धत आहे आणि ती शिकता येते. 13वं स्तोत्र उघडा. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न मूळ हिब्रूत चार वेळा येतो : मला विसरणार कोठवर, मुख लपवणार कोठवर, मी मनात दुःख बाळगू कोठवर, शत्रू माझ्यावर वरचढ राहणार कोठवर. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे आणि मागणीला कारण जोडलं आहे : माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मला मृत्युनिद्रा लागेल. पाचव्या-सहाव्यात भरवसा येतो.

एक शंभर पानी वही घ्या. डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर बसाल तेव्हा तीन गोष्टी लिहा. आधी देवाला हाक, तुम्ही एरवी मारता तीच. मग तक्रार, पण ठोकळ शब्दांत नको. 'आम्ही फार दुःखात आहोत' असं लिहिलं की मन तिथल्या तिथे राहतं. 'देवा, आज सुई नीट बसेना म्हणून दोनदा टोचली, ते ओठ चावून पडून राहिले आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तू कुठे पाहत होतास?' असं लिहा. मग मागणी, तीही आजची : 'आज बीपी पडू देऊ नकोस. गाडीत बसायला जागा मिळू दे.' हव्या तर चार ओळी, नको तर दोन. तारीख घाला.

भरवशाची ओळ आली तर लिहा, नाही आली तर जागा कोरी सोडा. लोक चुकतात ते इथेच. दुःख तोंडातून निघतंय तोच 'पण देव भला आहे' असं जोडून मोकळे होतात, कारण साक्षीच्या वेळी शेवट गोड असलेल्याच गोष्टी कानावर पडलेल्या असतात. मग मनाला कळतं की आपण खोटं बोललो आणि पुढच्या वेळी प्रार्थनेला बसावंसंच वाटत नाही. 88वं स्तोत्र वाचा. 18 वचनं आहेत आणि शेवटचं अंधारातच संपतं, 13व्या स्तोत्राच्या पाचव्या-सहाव्या वचनातली पालट तिथे येतच नाही. तरी ते शास्त्रात आहे. आणि त्याची सुरुवात पाहा : देवाला हाक मारली आहे ती आपला उद्धार करणारा देव म्हणून. काही महिने तुमच्याकडे तेवढीच एक हाक असेल. पुरेशी आहे.

दर उत्तम शुक्रवारी आपण प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवरची मननं ऐकतो. चौथा शब्द, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", हा 22व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतला विलाप आहे. वधस्तंभावर प्रभूने तो मोठ्याने उच्चारला. तुमच्या प्रश्नाला त्याच्या तोंडात जागा मिळालेली आहे, मग सासूबाईंच्या घरातही मिळायला हरकत नसावी. त्यांना हे सांगताना मात्र नमतं घ्या. त्याही आई आहेत, आणि मुलगा मशीनवर आहे. त्यांची भीती 'पाप' या शब्दातून बाहेर येते आहे.

शास्त्र डोक्यात शिरत नाही, यावर साधा उपाय म्हणजे वाचन कमी करा. वर्षभरात सगळं शास्त्र संपवायच्या तक्त्यात रोज तीन-सव्वातीन अध्याय येतात, कारण एकूण अध्याय 1189 आहेत. तुमच्या सध्याच्या झोपेवर ते जमणार नाही, आणि चुकलेले दिवस साचून अपराधी वाटत राहील. तक्ता बाजूला ठेवा. आठवड्याला एकच स्तोत्र घ्या, तेच रोज वाचा, शक्यतो मोठ्याने. 13, 42, 77, 130, 142 हा क्रम धरा. रात्री झोपताना चौथं किंवा 121वं. 130व्यात आठच वचनं आहेत, चार दिवसांत ते पाठ होतं. मग चष्मा नसला, दिवे गेले, तरी अडत नाही.

प्रार्थनेलाही तेच लागू. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती पुन्हा तेच शब्द बोलून, असं मत्तय लिहितो. नवे शब्द सुचले पाहिजेत अशी अट नाही. बार्तीमय आंधळ्याची एक ओळ घ्या : येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर. श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. सुई टोचताना ही ओळ, मशीनचा बझर वाजला की ही ओळ, गाडीची वाट पाहताना ही ओळ. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं बसा, त्याहून जास्त ठरवू नका. ज्या दिवशी तेही होणार नाही त्या दिवसासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं 26वं वचन आहे : कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. तुमचं रडणंही त्यात मोडतं.

कौटुंबिक प्रार्थना डायलिसिसच्या संध्याकाळी ठेवू नका. त्या दिवशी मिस्टरांचं अंग गळालेलं असतं, तुम्ही पहाटेपासून उभ्या असता, मुलीला अभ्यास असतो. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ठेवा. एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, दहा मिनिटं.

रविवारबद्दल एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. सोमवार-बुधवार-शुक्रवार वेळापत्रकात शुक्रवार ते सोमवार ही सगळ्यात लांब खंडाची वेळ असते. रविवारी शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं आणि सोमवारी पहाटेपर्यंत सगळ्यात जास्त होतं. उपासनेत मिस्टर अस्वस्थ असतात, दम लागतो, चिडचिड होते, याचं मोठं कारण ते असू शकतं. त्यांच्याकडे एक डोळा ठेवून बसलेल्या बायकोला गाणी गोड लागणार नाहीत. त्यांना पंख्याखाली, दाराजवळच्या बाकावर बसवा. उपासनेनंतरचा चहा आणि प्रीतिभोजनातलं जेवण मापात. आडवं पडल्यावर दम वाढला तर सोमवारची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि गाणी सुरू झाल्यावर उठून जावंसं वाटलं तर पाच मिनिटं ओट्यावर जाऊन उभ्या राहा, पुन्हा आत या. ओठ हलले नाहीत तरी चालेल. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, आणि प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. काही रविवार मंडळीला तुमच्या वाटचं गाऊ द्या.

प्रभुभोजनाला पुढे जा. 'अयोग्य प्रकारे' खाण्यापिण्याबद्दल पौलाने करिंथकरांना झापलं, कारण तिथे पोटभरू लोक आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. थकलेल्या, शंका घेऊन आलेल्या माणसाला त्याने अडवलेलं नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाच्या बापाने प्रभूला म्हटलं होतं, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एकाच वाक्यात दोन्ही. तेवढं पुरलं, मुलगा बरा झाला. मिस्टरांना चर्चला येणं झालं नाही तर पाळकसाहेबांना प्रभुभोजन घरी आणायला सांगा. घोटभर द्राक्षरसाने पाण्याच्या मापाला धक्का लागत नाही.

एलीया संदेष्ट्याकडेही या. 1 राजे 19 मध्ये तो रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला पाहून आलेला माणूस! देवदूत येतो तेव्हा उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई समोर ठेवतो. एलीया खातो, झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. प्रश्न विचारले जातात ते 40 दिवसांनी, होरेबावर. तुम्ही शेवटचं सलग सहा तास कधी झोपलात? सकाळी निघताना काही खाता का? मिस्टरांच्या मशीनचे चार तास तुम्ही चहा-बिस्किटावर काढत असाल तर भाकरी-भाजीचा डबा बांधून न्या.

पत्रात एक खूण अशी दिसते की तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. चार महिने वाचलेलं डोक्यात शिरत नाही, रडू थांबत नाही, आवडीचं काहीच उरलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच राहिलं, झोप-भूक बिघडली, तर ते उदासीनतेचं दुखणं असू शकतं आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेली-मानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. 'मरून गेलेलं बरं' असा विचार तुमच्या किंवा मिस्टरांच्या मनात एकदा जरी आला, तर त्याच दिवशी फोन करा आणि घरात एकाला सांगा. मनाच्या गोळ्या घेतल्याने विश्वास कमी होत नाही. आशियात आमच्यावर असा भार पडला की जगण्याची आशा सुटली होती, असं पौलानेच दुसऱ्या करिंथकरांच्या पहिल्या अध्यायात लिहून ठेवलं आहे.

मंडळी का फिरकत नाही? बहुतेक ठिकाणी कारण दुष्टपणा नसतो. अपघात, ऑपरेशन, मयत यांत माणसं धावतात. दीड वर्ष चालणाऱ्या आजारात काय बोलावं ते त्यांना सुचत नाही, आणि तीच प्रार्थना पुन्हा करायला संकोच वाटतो. 'काही लागलं तर सांगा' म्हणून जातात, आपण सांगत नाही. म्हणून नेमकं मागा. पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहा. महिन्याला 13 फेऱ्या होतात. त्यातले दोन बुधवार तरुण संघातल्या दोघांनी मिस्टरांसोबत जावं, म्हणजे तुम्ही त्या दिवशी झोपाल. महिला मंडळाने सोमवारी संध्याकाळचा डबा द्यावा, त्यात मीठ कमी, लोणचं-पापड नको, आणि भाज्या आहारतज्ज्ञांनी दिलेल्या यादीतल्याच. शिक्षक असलेल्या कोणी मुलीला शनिवारी गणित शिकवावं. भेटायला येणाऱ्यांनी 15 मिनिटं बसावं, एक स्तोत्र वाचावं, औषधोपचारावर सल्ला देऊ नये. मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले, हे पाळकसाहेबांना ठाऊकच आहे. चिठ्ठीत उल्लेख केला तरी चालेल. खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसवून घेतलं आहे ना, याची खात्री करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणखी एक जुना नियम. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात सांगून ठेवलं की मन कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा कोणताही ठराव बदलू नये. मंडळी सोडायची का, मुलीला संडे स्कूलमधून काढायचं का, घरातलं शास्त्र कपाटात टाकायचं का, यातलं काहीही या महिन्यांत ठरवू नका. मन निवळलं की मग ठरवा.

तर, तुमचा विश्वास संपला का? नाही. विश्वास संपलेली बाई देवाचा राग करत नाही, आणि ढोंग वाटेल म्हणून प्रभुभोजनापासून मागे राहत नाही. तिला दोन्हींचं काही वाटत नाही. तुमचा विश्वास थकला आहे आणि उपाशी आहे.

बरेपणासाठी मागणं चालू ठेवा. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारं दुखणं, दूर व्हावं म्हणून तीनदा मागितलं, उत्तर आलं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" असं. इब्र्यांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासाने तलवारीच्या धारेपासून वाचलेले आहेत, आणि पुढच्याच ओळींत विश्वासानेच करवतीखाली चिरले गेलेलेही आहेत. दोघांच्याही विश्वासाची वाखाणणी एकाच यादीत आहे. म्हणून किडनी मिळावी, प्रत्यारोपण व्हावं, हे नाव घेऊन मागा. डॉक्टरांशीही त्याबद्दल बोला, नोंदणीचं विचारा.

मुलीला खरं सांगा. 15-16 वर्षांच्या पोरीला फसवणूक लगेच कळते. 'प्रार्थना केली की बाबा बरे होतील' असं सांगितलंत आणि तसं झालं नाही, तर ती बाबांसोबत देवालाही गमावेल. 'किडन्या पूर्ववत होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. मशीनवर बाबा बरीच वर्षं राहू शकतात, प्रत्यारोपण झालं तर आणखी चांगलं. देव काय करील ते मला माहीत नाही, मी त्याला रोज विचारते आणि कधीकधी भांडते.' एवढं बोला. ती रडेल, रडू द्या. मग तुमची वही तिला दाखवा आणि तिला हवं असेल तर एक पान तिच्यासाठी सोडा. परीक्षेच्या दिवशी डायलिसिसचा वार येत असेल तर वेळ बदलून मिळते का, हे युनिटमध्ये महिनाभर आधी विचारून ठेवा, म्हणजे त्या सकाळी निदान एकजण तिच्यासोबत केंद्रापर्यंत जाईल.